तिसरा मजला

गुरुवारी इन्साफ मॅडमची तोंडी परीक्षा
आणि औषधं डोक्यात टिकत नाहीत,
म्हणून मी त्यांना आमच्या इमारतीत राहायला बोलावलं.
अलेक्झांड्रिया, अनफूशी, जाळी विणणाऱ्यांची गल्ली,
खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेले चार मजले.
भाडं नाही. फक्त विचारलं की
आपापले दुष्परिणाम सांगायचे.

दारात डिगॉक्सिन, राखणदार.
कुठल्याच मजल्यात न मोडणारा,
त्याला सगळं जग पिवळं दिसतं.

तळमजला सोडियमवाल्यांचा.
लमई मास्तरांच्या खोलीत क्विनिडिन:
कानात अखंड घंटी, पोट सतत बिघडलेलं.
मास्तरांचं दोन्ही आधीपासूनच आहे, सोपं गेलं.
शेजारी न्हाव्याच्या दुकानात लिडोकेन,
ओठ बधिर, जीभ जड, मग आकडी.
फ्लेकेनाइडला मात्र
ज्याला हार्ट अटॅक येऊन गेलाय त्याच्या दारात
उभं करायचं नाही,
हे मी जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहिलं.

दुसऱ्यावर बीटा-ब्लॉकर बहिणी,
प्रत्येकीच्या नावाशेवटी लोल, लोल,
लोलकासारख्या संथ,
हात गार, स्वप्नं वाईट.
दमेकऱ्याने त्यांची कडी वाजवू नये.

इथवर मी न अडखळता चढते.

तिसरा मजला आमचा. पोटॅशियम.
अमिओडारोनला जागा शोधावी लागली नाही,
तो चार वर्षं आमच्याकडेच राहतो,
फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात.
थायरॉइड, वर नाहीतर खाली.
यकृत. बुबुळावर बारीक कण,
रात्री दिव्याभोवती निळं कडं.
आणि ऊन लागलेली कातडी
निळसर करडी होते, असं पुस्तक म्हणतं.
पुस्तकातल्या माणसाला नाव नाही.
आमच्या माणसाचं नाव शौकी.
एकोणतीस वर्षं ट्राम चालवली,
आता बाल्कनीत बसतात,
पाठ आम्हाला, तोंड समुद्राला.
चहावाला म्हणतो, शौकी, समुद्र चढला की रे तुझ्या गालांवर,
आणि बाबा हसतात.

आई मूतखड्यासाठी खिल्लाच्या बिया उकळत असते.
मी तिला सांगितलं, ह्याच बियांतल्या रसायनाच्या वाटेने जात जात
दूर बेल्जियममध्ये बाबांचं औषध सापडलं.
ती म्हणाली, म्हणजे माझ्याच बरणीतून गेलं
आणि पैसे मागत परत आलं?

औषध बंद केलं तरी
महिनोन्‌महिने अंगातून हलत नाही, मी वाचून दाखवलं.
बाबा म्हणाले, राहू दे,
रात्रीचा ठोका चुकू देत नाही बिचारा.

चौथा, कॅल्शियमचा, मी धावतच संपवते:
वेरापामिलला बद्धकोष्ठ,
डिल्टियाझेमचे घोटे सुजलेले, इतके जिने चढून सुजणारच.
मग गच्ची. गच्चीवर साबिरची कबुतरं आणि अडेनोसिन.
साबिर काठीला बांधलेलं फडकं फिरवतो,
थवा उठतो, इमारतींमागे जातो,
आणि पाच-सहा सेकंद आभाळ नुसतं कोरं.
रोज संध्याकाळी साबिरचा चेहरा पांढरा पडतो,
रोज त्याला वाटतं, संपलं.
मग पहिलं पंख दिसतं.

बुधवारी रात्री वीज गेली.
बाबांनी मेणबत्तीपाशी माझं इंग्रजी पुस्तक धरलं, उलटं,
आणि म्हणाले, म्हण.
मी दारापासून म्हणत गेले.
राखणदार, मास्तर, न्हावी, थंड हातांच्या बहिणी.
तिसऱ्यावर आले.
थायरॉइड म्हटलं, यकृत, डोळे, कातडी.
बाबांना खोकला आला,
हल्ली येतो तो, कोरडा.
मी थांबले, पाणी दिलं
आणि पटकन म्हणाले, चौथ्यावर वेरापामिल.

त्यांनी पुस्तक मिटलं नाही.
पाण्याचा ग्लास खाली ठेवला.
म्हणाले, थांब,
तिसऱ्यावरचं एक राहिलं.